पेव्हरच्या ड्राइव्हवेसाठी प्लाउला रबरी पट्टी: किती लोंबती ठेवायची आणि कशी आवळायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळ नवं घर घेतलंय, ड्राइव्हवे इंटरलॉकिंग पेव्हरचा (एकमेकांत अडकणाऱ्या फरश्यांचा) आहे, बर्फ काढायला एटीव्हीला (चार जाड चाकांच्या छोट्या गाडीला) ६० इंची प्लाउ, म्हणजे बर्फ ढकलायचं लोखंडी पातं, लावलाय. गेल्या हिवाळ्यात प्लाउच्या खालच्या कडेला असलेल्या लोखंडी पट्टीने दोन पेव्हरचे कोपरे उडवले आणि उरलेल्या फरशीवर गंजकट ओरखडे पडले. रबरी पट्टी बसवली तर हे थांबेल का? ओळखीच्या माणसाकडे कन्व्हेयरचा (कारखान्यात माल वाहणारा) जुना पट्टा फुकट मिळतोय, तो चालेल का? आणि बसवायचं कसं?

मी रॉचेस्टरला राहतो. दोन्ही शहरांवर लेक ऑन्टॅरिओवरून येणाऱ्या बर्फाची सारखीच कृपा आहे, तुमच्यावर थोडी जास्तच. स्वतःचा आणि शेजारच्या दोन-तीन घरांचा ड्राइव्हवे मी गेली सोळा वर्षं साफ करतोय, त्यातली बारा वर्षं रबरी पट्टीने. पहिल्या दोन पट्ट्या मी चुकीच्या बसवल्या, त्यामुळे खाली लिहितोय त्यातलं बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. रबरी पट्टी म्हणजे लोखंडी पट्टीची मऊ आवृत्ती नव्हे. लोखंड बर्फ खरवडतं, रबर तो पुसून नेतं. आपल्याकडे गच्ची धुतल्यावर पाणी ओढायला लांब दांड्याचा वायपर असतो ना, तो डोळ्यांसमोर आणा. त्याचं रबर पत्र्याच्या दोन ओठांत घट्ट पकडलेलं असतं आणि खाली बोटभरच बाहेर असतं. तेवढ्याने पाणी स्वच्छ ओढलं जातं. तेच रबर वीतभर बाहेर असतं तर दुमडून पाण्यावर नुसतं लोळलं असतं. प्लाउची रबरी पट्टी अगदी असंच वागते. म्हणून बसवताना खरे प्रश्न दोनच असतात: लोखंडाच्या खाली रबर किती बाहेर ठेवायचं, आणि ते सगळ्या लांबीभर सारखं कसं आवळायचं.

तुमचे पेव्हर का फुटले तेही सांगतो. पेव्हरखालच्या थरात पाणी असतं, ते गोठलं की फुगतं आणि एखादी फरशी शेजारणीपेक्षा दोन-तीन सूत वर येते. वसंतात ती पुन्हा खाली बसते, त्यामुळे उन्हाळ्यात बघाल तर सगळं सपाट. जानेवारीत मात्र तो उचललेला कोपरा पट्टीच्या बरोबर वाटेत येतो. प्लाउला ट्रिप स्प्रिंग (अडथळा आला की पातं झुकू देणारी) असली तरी पातं मागे झुकायच्या आत पहिला फटका फरशीला बसलेला असतो. रबर तिथे वाकून वरून निघून जातं. गंजकट ओरखडे म्हणजे झिजलेल्या लोखंडाचा कीस. तो फरशीच्या छिद्रांत बसतो आणि मग गंजतो.

(सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कोल्हापूरला उद्यमनगरात मामाचं लेथचं दुकान होतं, शाळेच्या सुट्टीत तिथे पडीक असायचो, तेव्हापासून जीभ वळलेली आहे. अमेरिकेत इंच अजून टिकलाय, त्यामुळे ‘तीन सुताचा बोल्ट’ ही भाषा इथे बिनदिक्कत चालते. खाली तीच वापरतो.)

आता कन्व्हेयरचा पट्टा. चालेल, पण आधी त्याची कड नीट बघा. आत कापडाचे थर असतील तर कामाचा. पोलादी तारा दिसल्या तर फुकट असला तरी सोडून द्या. तो कापताना ब्लेडं जातात, आणि झिजल्यावर तारा बाहेर डोकावून पेव्हरवर ओरखडे काढतात. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच परत. दुसरं म्हणजे जाडी. जुने पट्टे बहुधा अर्ध्या इंचाच्या आसपास असतात आणि लोक म्हणतात, दोन थर एकावर एक ठेवले की झाला एक इंच. तसा होत नाही. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. एक इंची अखंड पट्टीचा ताठपणा आठ धरला तर अर्ध्या इंचीचा एक. न चिकटवलेले दोन थर एकमेकांवर घसरत स्वतंत्रपणे वाकतात, म्हणून दोघांचा मिळून दोन. म्हणजे अखंड पट्टीच्या फक्त चौथा हिस्सा. दोन थरच वापरायचे असतील तर खाली कमी बाहेर ठेवा, इंचभर पुरे.

घोड्यांच्या तबेल्यात अंथरतात त्या पाऊण इंची रबरी चटया शेतकी सामानाच्या दुकानात मिळतात. त्या कापून बसवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. ते रबर भुग्याचं, दाबून चिकटवलेलं असतं आणि आत कापड नसतं. माझी पट्टी जानेवारीत बोल्टच्या भोकापाशी फाटली, तीही रात्री अकरा वाजता, समोर फूटभर बर्फ असताना.

पैसे घालायची तयारी असेल तर प्लाउसाठीच बनवलेली एक इंची, आत धागे असलेली रबरी पट्टी घ्या. कडकपणा शोअर ए मापाने ६० ते ७० असावा, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास. पॉलियुरेथेनच्या (एका चिवट प्लॅस्टिकच्या) पट्ट्या याहून कडक आणि महाग असतात, झिजतात कमी, आणि खरवडतातही जरा बऱ्या. डांबरी पार्किंगची कामं घेणाऱ्याने त्या जरूर घ्याव्यात. पेव्हरवर मी साधं रबरच लावीन. कडक थंडीत हात लावून बघा: रबर ताठ होतं पण वाकतं, युरेथेन मात्र खुळखुळ्यासारखं वाजायला लागतं.

उंची अशी धरा: वरती पात्याला जेवढी टेकेल ती, अधिक खाली लोंबती ठेवायची ती, अधिक झिजेला दोनेक इंच. एटीव्हीच्या पात्याला सहा इंच पुरते. लांबी पात्यापेक्षा दोन इंच जास्त घ्या, दोन्ही टोकांना एकेक इंच बाहेर. गॅरेजच्या चौकटीला आणि कर्बला (रस्त्याकडेच्या उंच काठाला) मग पात्याचा लोखंडी कोपरा लागत नाही, आधी रबर लागतं.

काम ऑक्टोबरात करा. दिवाळीचा फराळ डब्यात असेपर्यंत माझा प्लाउ तयार असतो, कारण इथे पहिला बर्फ कधीकधी कंदील उतरवायच्या आत येतो. थंडीत रबर कापणं आणि गंजलेले बोल्ट सोडवणं या दोन्ही शिक्षा आहेत.

पातं जमिनीवर टेकवा, मागेपुढे लाकडी ठोकळे द्या. विंचच्या (पातं उचलायच्या रहाटाच्या) दोरीवर लटकलेल्या पात्याखाली हात घालू नका. जुने बोल्ट गोल डोक्याचे आणि चौकोनी मानेचे, म्हणजे कॅरेज बोल्ट असतील. ती चौकोनी मान गंजून गोल झाली की नट फिरवताना बोल्टही बरोबर फिरतो. तिथे तास घालवू नका. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा, सकाळी नाही सुटला तर ग्राइंडरने नट कापा. बोल्ट असेही नवे लागणारच आहेत.

निघालेली लोखंडी पट्टी टाकू नका. एकतर ती भोकं आखायचा साचा आहे. रबरावर ठेवून क्लॅम्पने धरा आणि खडूने भोकं उतरवून घ्या. दुसरं, ती रबरावरची दाबपट्टी म्हणून वापरता येते, कारण तिला चौकोनी भोकं आधीच आहेत. भोकं एका कडेला असतील तर पट्टी उलटी करून लांब बाजू वर जाऊ द्या. भोकं मधोमध असून पट्टी खाली लोंबत असेल तर मात्र दोन इंच रुंद, दोन सूत जाड लोखंडी पट्टी आणा. तिला गोल भोकं पाडून कानशीने चौकोनी करा. कंटाळवाणं काम आहे, पण सहा-सात भोकांचाच प्रश्न.

दाबपट्टी हवीच. नुसते वायसर घालून रबर बसवलं तर बोल्टपाशी ते दबतं आणि दोन बोल्टच्या मधे फुगतं. खालची कड लाटांसारखी होते आणि प्लाउमागे बर्फाच्या रेघा उरतात. माझी पहिली पट्टी अशीच होती. बायको खिडकीतून बघून म्हणाली, नांगरलंय की काय!

रबराला भोक पाडायला साधं ड्रिल वापरू नका. बिट रबरात अडकतं, तापतं, आणि बाहेर काढल्यावर भोक आकसून बोल्ट जात नाही. चांभाराकडे असतो तसा पोकळ पंच मिळाला तर उत्तम. नाहीतर लोखंडी नळीची कड आतून घासून धारदार करा, रबर लाकडी फळीवर ठेवा, साबणाचं पाणी लावा आणि हातोडीने ठोका. होल सॉ (गोल भोक कापायची दातेरी वाटी) असेल तर रबर दोन प्लायवुडच्या मधे घट्ट दाबून, कमी वेगाने, साबणपाणी घालत चालवा. लांबीत कापायला जाड दातांच्या ब्लेडची जिगसॉ किंवा साधा कटर, तोही साबणपाण्याबरोबर. काप लागेल तसा दुसऱ्या हाताने रबर फाकवत राहिलात की ब्लेड अडकत नाही.

आता ज्या युक्तीसाठी मी एवढं लिहायला बसलो ती. रबर दाबलं की काही तासांत सैलावतं. आज कचकून आवळलेला नट दोन वेळा बर्फ काढल्यावर हाताने फिरतो. पुन्हा आवळला की पुन्हा तेच, आणि दर वेळी खालची कड आणखी लाटाळ. यावर उपाय म्हणून प्रत्येक भोकात लोखंडी नळीचा तुकडा बसवा. रबर आठ सूत जाड, तर तुकडा सात सूत लांब. नळी अशी निवडा की बोल्ट आतून सैलसर जाईल, आणि रबराचं भोक तिच्या बाहेरच्या मापाचं पाडा. नट आवळताना रबर एक सूत दबतं, मग लोखंड लोखंडाला टेकतं आणि पाना आपोआप थांबतो. त्यापुढे बोल्ट लोखंडात आवळला जातो, रबरात नाही. सगळ्या बोल्टपाशी दाबही सारखा पडतो. मामाच्या दुकानात पंपाच्या रबरी पॅकिंगला हीच युक्ती बघितली होती, डोक्यात उजेड पडायला मात्र दोन हिवाळे गेले.

रचना पुढून मागे अशी: बोल्टचं गोल डोकं, दाबपट्टी, रबर आणि त्यातली नळी, प्लाउचं पातं, वायसर, नायलॉन लॉक नट. चौकोनी मान दाबपट्टीतच बसली पाहिजे. ती रबरात आली तर बोल्ट फिरत राहील. लांबीचा हिशेब मांडून मगच दुकानात जा. दाबपट्टी दोन सूत, रबर आठ सूत, पात्याची खालची कड दोन सूत, झाले बारा सूत, म्हणजे दीड इंच. वायसर आणि नटला अर्ध्या इंचाहून थोडं जास्त. म्हणून तीन सूत व्यासाचे, सव्वादोन इंच लांबीचे बोल्ट. पिकअपच्या प्लाउला हाच हिशेब तीन इंचांपर्यंत जातो आणि व्यास चार-पाच सूत होतो.

आवळायला मधल्या बोल्टपासून सुरुवात करा आणि आलटूनपालटून दोन्ही टोकांकडे जा. एका टोकाकडून आवळत गेलात तर रबर पुढे सरकत जातं आणि शेवटच्या भोकात बोल्ट शिरत नाही.

रबर किती बाहेर ठेवायचं, याचं माझं उत्तर एक इंची रबराला आणि एटीव्हीच्या हलक्या पात्याला दीड इंच. जड पिकअप प्लाउला दोन. याहून जास्त ठेवायचा मोह होतो, कारण वाटतं जास्त ठेवलं तर जास्त दिवस टिकेल. पण बाहेरची लांबी दुप्पट केली की ताठपणा साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. मी पहिल्या वर्षी चार इंच ठेवलं होतं. ओला बर्फ समोर आला की पट्टी मागे दुमडून पात्याखाली जायची आणि अख्खा प्लाउ तिच्यावरून घसरगुंडी करायचा. इंचभराहून कमी ठेवलंत तर उचललेल्या पेव्हरला पुन्हा लोखंड लागतं.

एक बारकी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पुढे ढकलताना रबर मागे वाकतं, म्हणजे ते पात्याच्या खालच्या कडेवर मोडतं. गॅरेजच्या दारापासून बर्फ मागे ओढताना ते पुढे वाकतं आणि दाबपट्टीच्या खालच्या कडेवर मोडतं. म्हणून मोजायची लांबी दोन्ही दिशांना वेगळी असते. दाबपट्टी पात्याच्या कडेपेक्षा इंचभर वर राहिली तर पुढे काम झकास होईल, पण मागे ओढताना पट्टी ढिली पडेल. दोन्ही कडा जवळपास एका रेषेत ठेवा, दाबपट्टी हवी तर एखादं सूत वर. तिची खालची कड ग्राइंडरने गोल करा, नाहीतर तीच रबर कापते.

बसवून झाल्यावर सपाट जागी पातं टेकवा आणि खोक्याच्या पुठ्ठ्याची पट्टी कडेखाली सरकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून बघा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एके ठिकाणी सहज सरकली तर तिथे बर्फ राहणार.

पात्याच्या दोन बाजूंचे लोखंडी बूट काढून टाका. त्यांचं काम पातं जमिनीपासून वर ठेवणं, आणि रबर तर जमिनीला टेकलं तरच पुसतं. शिवाय पेव्हरवर ओरखडे काढायला ते लोखंडी पट्टीला हार जात नाहीत. तुमच्या ड्राइव्हवेचा रस्त्याकडचा तुकडा खडीचा असेल तर मात्र बूट ठेवा, आणि त्या तुकड्यात प्लाउ जरा वर धरून चालवा. रबराने पात्याची उंची वाढते, तेव्हा विंचने पातं पुरेसं वर उचललं जातंय ना, गॅरेजच्या उंबऱ्यावर घासत नाही ना, हे एकदा तपासा.

चालवण्याची सवयही बदलावी लागेल. लोखंडी पट्टी असताना तुम्ही रात्रभर पडू देत असाल आणि सकाळी एकदाच काढत असाल. आता दोन-तीन इंच साठले की एक फेरी. आणि सर्वांत महत्त्वाचं, साफ केल्याशिवाय त्यावरून गाडी नेऊ नका. चाकाखाली दबलेल्या बर्फाच्या दोन पट्ट्या रबर नुसती गोंजारून पुढे जाईल. हलकं एटीव्ही पातं तर तिथे तरंगतंच. पहाटे सहाला मुलगा कामाला जाणार असेल तर त्याआधी तुम्हाला उठावं लागेल, किंवा त्याला.

म्हणजे गोठून कडक झालेल्या बर्फाचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. गोठून चिकटलेला थर रबराने निघत नाही, आणि काढायचा प्रयत्नही करू नका. तिथे थोडं मीठ किंवा वाळू, आणि हाताचं प्लॅस्टिकचं खोरं. साधं मीठ उणे ९ सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा जास्त ओतून उपयोग नाही. याउलट मार्चमधला तो पाणचट, राखाडी चिखलबर्फ, जो लोखंडी पट्टीखालून निसटून जातो, तो रबर असा ओढून नेतं की मागे फरशी जवळपास कोरडी दिसते. बर्फ ओला असेल तितकं रबर खूष.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर नट एकदा तपासा. नळ्या घातल्या असतील तर बहुतेक काही करावं लागत नाही. झीज आधी कोपऱ्यांवर आणि नंतर मधे दिसते. पट्टी एका बाजूने झिजून लोखंडाखाली इंचभर उरली की काढून उलटी बसवा. वरची कड कोरी असते, आणि भोकं मधोमध पाडली असतील तर पुन्हा पंच लागत नाही. म्हणून पहिल्याच वेळी ती मधोमध पाडा. हायड्रॉलिक तेल किंवा डिझेल रबरावर सांडू देऊ नका, ते फुगतं आणि मऊ पडतं. एप्रिलमध्ये प्लाउ ठेवताना पात्याच्या लोखंडी भागाखाली ठोकळे द्या. उन्हाळाभर वजन रबरावर राहिलं तर नोव्हेंबरात पट्टी मुडपलेलीच निघते आणि ती सरळ व्हायचं नाव घेत नाही.

ते फुटलेले दोन पेव्हर आत्ता काढायला जाऊ नका. मे महिन्यात जमीन पूर्ण मोकळी झाली की दोन सपाट स्क्रूड्रायव्हरनी उचला, खालची वाळू बघा, आणि काँक्रीटचे असून रंग आतपर्यंत असेल तर तेच उलटे करून बसवा. फुटका कोपरा खाली जाईल. सांध्यांतली वाळूही तेव्हाच भरून घ्या, कारण मोकळ्या सांध्यातली ओली वाळू रबरही थोडी ओढून नेतं.